मदत हवी आहे: ट्रेलरमध्ये गरम पाणी येत नाहीये (तातडीचं)

चारचाकी_संसार | संध्या. ६.१०
लोकहो, घाईत लिहितोय, रेंज येते-जाते. ट्रेलरमध्ये (गाडीमागे ओढायचं आमचं फिरतं घर) गरम पाणी येत नाहीये. कोमट येतं, तेही नावापुरतं. हीटर दोनदा बंद-चालू करून झाला. यूट्यूबवर अर्धा तास घालवला, तिथे जो तो हीटरचा बोर्ड (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) बदला म्हणतो. दोन मुलं अंगभर वाळू घेऊन बसली आहेत आणि सासूबाई सोबत आहेत (यापुढे सांगायची गरज नसावी). हीटर उघडू का? लवकर सांगा.

निवृत्त_पानेवाला | ६.१४
कुठला हीटर? किती गॅलनचा? गॅसवर की विजेवर? ट्रेलर नवा की जुना? आहात कुठे? 'पाणी गरम येत नाही' एवढ्यावर सांगायला आम्ही पंचांग घेऊन बसलेलो नाही.

उगाच_एक | ६.१५
आणि वाळू कसली? समुद्रावर आहात का? खाऱ्या हवेने हीटरची पार वाट लागते.

चारचाकी_संसार | ६.२१
समुद्र नाही, कोलोरॅडो. ग्रेट सँड ड्यून्सच्या (वाळूच्या मोठ्या टेकड्या) बाहेरचं खाजगी कॅम्पग्राउंड, ३० अँपिअरचं कनेक्शन, पाण्याचा नळही जागेवर आहे. हीटर ६ गॅलनचा, गॅस आणि वीज दोन्हींवर चालतो. दोन्हींवर करून पाहिलं, तेच रडगाणं. ट्रेलर सेकंडहँड, एप्रिलमध्ये घेतलाय.

जाळीवाला | ६.२४
कोळी! डोळे झाकून सांगतो, कोळी. प्रोपेनला वास यावा म्हणून जे मर्कॅप्टन घालतात, त्याला म्हणे कोळी भुलतात. बर्नरच्या नळीत जाळं विणतात, हवा नीट मिसळत नाही आणि ज्योत पिवळी होते. बाहेरचं झाकण उघडून ज्योत बघा. निळी हवी. माझ्याकडे सलग दोन वर्षं हेच झालं, शेवटी बारीक जाळी बसवली.

निवृत्त_पानेवाला | ६.२७
कोळी असता तर विजेवर पाणी तापलं असतं. विजेच्या एलिमेंटवर कोळी बसत नाही.

थंड_डोकं | ६.३१
सेकंडहँड आणि एप्रिल, म्हणजे बायपास. थंडीत ट्रेलर बंद करून ठेवताना पाइप गोठून फुटू नयेत म्हणून त्यांत ते गुलाबी अँटिफ्रीझ भरतात. हीटरच्या टाकीत ६ गॅलन फुकट जाऊ नये म्हणून टाकी वगळून गार पाणी थेट गरम पाइपात वळवतात. आधीच्या मालकाने व्हॉल्व्ह पूर्ववत केला नसणार. टाकी आत मस्त तापतेय आणि नळाला विहिरीचं पाणी! हीटरच्या मागच्या बाजूला, पलंगाखाली किंवा कपाटात बघा. तीन व्हॉल्व्ह असतील तर मधला बंद आणि कडेचे दोन उघडे हवेत.

बोर्ड_एक्झाम | ६.३३
इतका वेळ घालवण्यापेक्षा सरळ बोर्ड बदला. मी बदलला, चार वर्षं चिंता नाही.

थंड_डोकं | ६.३५
बोर्ड गेला असता तर ठिणगी पडली नसती, किंवा ज्योत लागून विझली असती आणि आतल्या स्विचजवळ दिवा लागला असता. आणि विजेची बाजू तरी चालली असती. दोन वेगळ्या गोष्टी एकाच संध्याकाळी बिघडत नाहीत. @चारचाकी, हीटर चालू केल्यावर पेटून विझतो की पेटलेला राहतो?

चारचाकी_संसार | ६.४०
पेटलेला राहतो. वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप बंद होतो. दिवा नाही लागत.

थंड_डोकं | ६.४१
मग हीटर ठणठणीत आहे. थर्मोस्टॅट साधारण १४० फॅरेनहाइटला, म्हणजे ६० सेल्सिअसला बंद करतो. टाकीत गरम पाणी आहे, तुमच्यापर्यंत येत नाहीये. काहीही उघडू नका. गरम टाकीचं बूच काढलंत तर ते ६० अंशाचं पाणी दाबासकट अंगावर येईल.

उंचावर_बसलेला | ६.४४
ड्यून्स ८२०० फुटांवर आहेत. तिथे पाणी ९२ सेल्सिअसलाच उकळतं. त्यामुळे तेवढं गरम होणार नाही.

निवृत्त_पानेवाला | ६.४५
आंघोळीला उकळतं पाणी कोण घेतं हो? उंचीवर बर्नर थोडा मंदावतो, पाणी तापायला वेळ लागतो, एवढंच. कोमट पाणी हे उंचीचं लक्षण नव्हे. डाळीला मात्र कुकर न्या.

बंबवाली | ६.४८
आमच्याकडे गॅस गीझर असाच रुसायचा. खालच्या डबीतले दोन मोठे सेल बदलले की भडकन पेटायचा. सेल बघितलेत का? (इथे पहाट आहे, चहा घेता घेता लिहितेय.)

निवृत्त_पानेवाला | ६.५०
काकू, याला सेल नसतात. ट्रेलरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर ठिणगी पडते.

बंबवाली | ६.५३
असेल बाई. पण गीझर बंद बाथरूममध्ये लावू नका कुणी, त्या वायूने माणसं जातात. आजोळी तांब्याचा बंब होता, अंगणात. करवंट्या आणि नारळाच्या सोडणांवर पाणी असं तापायचं की आठ माणसांच्या आंघोळी व्हायच्या. केसांना धुराचा वास लागायचा, तो दुपारपर्यंत जात नसे. ना बोर्ड, ना व्हॉल्व्ह.

उगाच_एक | ६.५५
+१ बंब. त्या पाण्याची सर कशालाच नाही.

दोन_पोरांचा_बाप | ६.५७
विषय निघालाच आहे तर, मिनीव्हॅनने ट्रेलर ओढता येतो का? माझ्या गाडीच्या पुस्तकात ३५०० पाउंड लिहिलंय.

निवृत्त_पानेवाला | ६.५९
विषय निघालेला नाही. पण ऐका: ट्रेलरचं रिकाम्याचं वजन धरू नका, भरलेल्याचं धरा. एक गॅलन पाणी साधारण ८.३ पाउंड. त्यात सासूबाईंचं सामान. बाकी वेगळा धागा काढा.

चारचाकी_संसार | ७.०८
बायपास बघितला. पलंगाखालची फळी काढली, चार स्क्रू, त्यातला एक हरवला. व्हॉल्व्ह अगदी तुम्ही म्हणता तसेच आहेत, मधला बंद, कडेचे उघडे. आणि तसंही काल इथे आल्यावर मस्त चटका बसेल असं पाणी येत होतं.

थंड_डोकं | ७.०९
काल येत होतं????

निवृत्त_पानेवाला | ७.१०
हे पहिल्या वाक्यात सांगायचं असतं. एक तास झाला इथे सगळे घसा कोरडा करतायत.

चारचाकी_संसार | ७.१२
मला वाटलं ते ओघानेच आलं.

जाळीवाला | ७.१३
म्हणजे कोळी रात्रीत आला.

थंड_डोकं | ७.१४
कोळी सोडा हो. काल आणि आज यांच्यामध्ये काय काय केलंत? सगळं सांगा, फालतू वाटलं तरी.

चारचाकी_संसार | ७.१८
विशेष काही नाही. सकाळी ड्यून्सवर गेलो. खाली मेडानो क्रीक नावाच्या ओढ्याला या दिवसांत पाणी असतं, मुलं तीन तास त्यात लोळली. परत आलो, बायकोने त्यांचे पाय धुतले, मग आंघोळीला गेलो तर कोमट.

थंड_डोकं | ७.१९
पाय कुठे धुतले?

तुरटी | ७.२१
मधेच बोलते, पण सेकंडहँड आहे तर अ‍ॅनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून आत असतो तो धातूचा दांडा) नक्की बदला. खाऊन काडी झालेला असतो. पाण्याला अंड्यासारखा वास येतोय का?

निवृत्त_पानेवाला | ७.२३
सगळ्या हीटरना अ‍ॅनोड नसतो. स्टीलच्या टाकीला असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीला नुसतं प्लॅस्टिकचं बूच असतं, त्या जागी रॉड घालायचा नाही. आणि वासाबद्दल त्यांनी विचारलेलंच नाही.

तुरटी | ७.२५
आमच्या स्टीलच्या टाकीला होता म्हणून सांगितलं. वास आला की टाकीत व्हिनेगर घालून धुवा.

बोर्ड_एक्झाम | ७.२६
व्हिनेगर क्षारांसाठी. वास जंतूंमुळे येतो, त्याला पातळ ब्लीच.

तुरटी | ७.२७
आम्हाला व्हिनेगरने गेला. तुमच्या ट्रेलरला बोर्डच बदलायचे असतात.

चारचाकी_संसार | ७.२९
बाहेर धुतले. ट्रेलरच्या कडेला तो छोटा दरवाजा आहे ना, त्यातल्या शॉवरने. पण तो बंद आहे, पाणी पडत नाहीये.

थंड_डोकं | ७.३०
शॉवरच्या मुठीवरचं बटण बंद आहे. मागचे दोन नळ, गरम आणि गार, ते बंद आहेत का? जाऊन हात लावून बघा. ते दोन्ही उघडे राहिले आणि फक्त बटण बंद केलं तर बाहेर थेंब पडत नाही, पण आत गार आणि गरमचे पाइप एकमेकांना जोडले जातात. तुम्ही आत गरम नळ सोडलात की गार पाणी त्या वाटेने गरम पाइपात शिरतं. हीटर बिचारा तापवतोय, हे मधे विरजण घालतायत.

निवृत्त_पानेवाला | ७.३२
हे मला सुचायला हवं होतं.

उंचावर_बसलेला | ७.३८
काय झालं? गेले का झोपायला?

चारचाकी_संसार | ७.५६
दोन्ही नळ पूर्ण उघडे होते. बंद केले आणि अर्ध्या मिनिटात स्वयंपाकघरातल्या नळाला हात लावता येईना. सासूबाई आंघोळीला गेल्यात. ६ गॅलन संपायच्या आत मुलांचा नंबर लागेल का, माहीत नाही. @थंड_डोकं, तुम्हाला डेन्व्हरला आलात तर जेवण.

बायको म्हणतेय, बटण दाबून पाणी बंद होतं तर नळ कशाला असतात. मी काही बोललो नाही.

आता अजून एक. हीटर परत तापायला लागला तसं बाहेर एका पितळी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी गळतंय. हे बिघडलं का?

निवृत्त_पानेवाला | ७.५८
तापतानाच गळतं की गार असतानाही? (आता तरी आधी सांगा.)

चारचाकी_संसार | ८.०१
फक्त तापताना.

निवृत्त_पानेवाला | ८.०४
मग घाबरू नका, तो सुरक्षेचा व्हॉल्व्ह आहे. टाकीच्या वरच्या भागात हवेची थोडी जागा असते, ती संपली की पाणी तापून फुगल्यावर त्याला जायला जागा उरत नाही. उद्या सकाळी हीटर बंद ठेवून टाकी पूर्ण गार होऊ द्या. पाण्याचा पुरवठा बंद करा, आतला एक गरम नळ उघडा, मग त्या व्हॉल्व्हची दांडी वर धरा. पाणी थांबलं की सोडा, ती मिटली की नळ बंद करून पुरवठा सुरू करा. यानंतरही गळला तर व्हॉल्व्ह बदला. बूच मारून बंद मात्र कधीच करायचा नाही. विजेवर चालवण्याआधी टाकी भरलेली आहे ना, तेही बघा. रिकाम्या टाकीत एलिमेंट लगेच जळतं.

बोर्ड_एक्झाम | ८.०९
एकदा बोर्डही बघून घ्या.

चारचाकी_संसार | ८.२०
सगळ्यांचे आभार. @बंबवाली, सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. विचारतायत, आजोळ कुठलं?

बंबवाली | ८.२६
देवरुख. त्यांचं?