मदत हवी आहे: सूचिछिद्र कॅमेऱ्यात काहीच दिसत नाही, परवा प्रदर्शन!

ऋतुगंध: लेक सहावीत आहे. परवा शाळेत विज्ञान प्रदर्शन. बुटाच्या खोक्याचा सूचिछिद्र कॅमेरा केलाय, एका बाजूला भोक, समोर बटर पेपर. पुस्तकात आहे अगदी तसंच केलं, तरी नुसता पांढुरका डाग दिसतो. तीन संध्याकाळी यातच गेल्या. काय चुकतंय? लवकर सांगा.

आकाशवेडा: भोक केवढं? खोकं किती लांब? कुठे बसून बघता? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

जुना_फोटोवाला: भोकाचा नाद सोडा. आजोबांच्या चाळिशीचं +३ चं भिंग लावा, चित्र लख्ख दिसेल. मी लहानपणी असाच केला होता.

आकाशवेडा: +३ म्हणजे नाभीय अंतर ३३ सेंमी. लांबच्या झाडाची प्रतिमा ३३ सेंमीवर पडणार आणि बुटाचं खोकं असतं ३० च्या आसपास. जवळची वस्तू धरली तर प्रतिमा आणखी मागे जाते. भोकाला ही कटकटच नाही.

जुना_फोटोवाला: मग खोक्यात खोकं सरकवा! कॅमेऱ्याचं भिंग पुढेमागे होतं ते त्यासाठीच. भोकातून उजेड येतो तरी किती?

क्लिकक्लिक: बजेट कमी असेल तर ५० मिमी १.८ लेन्स घ्या. पोर्ट्रेटला फार छान.

ऋतुगंध: अहो, कॅमेरा विकत नाही घ्यायचाय! भोक दाभणाने पुठ्ठ्यालाच पाडलं, ३ मिमी असेल. खोकं ३० सेंमी. ऑफिसहून आल्यावर रात्री हॉलमध्येच बघतो, ट्यूब लावून.

आकाशवेडा: मग दोन्ही चुका इथेच आहेत. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश सरळ रेषेत भोकातून जातो आणि पडद्यावर निदान भोकाएवढा ठिपका पाडतो. तुमचे सगळे ठिपके ३ मिमीचे, एकमेकांवर चढलेले. ३० सेंमीच्या खोक्याला पाऊण मिमी भोक हवं. त्याहून फार बारीक केलं तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश कडेला वळून पसरतो त्यामुळे, चित्र पुन्हा पसरतं. पण भोकाची रुंदी चौथाई केली की उजेड १६ पट घटतो, म्हणून वस्तू उन्हात आणि पडदा अंधारात हवा. पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापून स्वयंपाकघरातली फॉइल चिकटवा, सुईचं नुसतं टोक टेकवून फिरवा. भोक मिलिमीटरच्या पट्टीवर ठेवून मोबाइलने फोटो काढा, झूम केलं की माप कळतं.

सह्याद्रीकर: हंपीला विरुपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी सावली पडते, तेही हेच ना?

आकाशवेडा: हेच. फक्त ती सावली नव्हे, प्रतिमा.

सह्याद्रीकर: डिसेंबरात जायचंय. होस्पेटला राहावं की हंपीतच?

जुना_फोटोवाला: वेगळा धागा काढा. ताई, माझं अजून म्हणणं आहे, भिंगानेच खरा कॅमेरा कळतो. भोक म्हणजे अर्धा धडा.

आकाशवेडा: सहावीच्या मुलीला आधी हाच अर्धा नीट कळू दे.

ऋतुगंध: दिसलं!! सकाळी गच्चीत डोक्यावर गोधडी घेऊन बसलो. समोरच्या दोरीवरची हिरवी साडी बटर पेपरवर उलटी, आणि वाऱ्याने ती उजवीकडे गेली की चित्रातली डावीकडे. लेक गोधडीतून बाहेरच यायला तयार नव्हती. आता एकच अडचण, शाळेच्या हॉलमध्ये ऊन नाही. तिथे काय दाखवू?

आकाशवेडा: काळ्या पुठ्ठ्यात तिच्या नावाचं पहिलं अक्षर कापा, मागे बल्ब लावा. भोकापासून ३० सेंमीवर धरलं तर अक्षर तेवढंच दिसेल, १५ वर आणलं तर दुप्पट. खोकं उलटं धरलं तरी अक्षर उलटंच राहतं, हे पाहुण्यांना स्वतः करून बघू द्या. गोधडी मात्र न्या.