मदत हवी आहे: मामाच्या जुन्या फायबर होडीची इंजिनाची फळी कुजली, होडी सध्या कराडात

लेथवाला_कराड
नमस्कार मंडळी. कराडात बसून समुद्रातल्या होडीचा प्रश्न विचारतोय. आधी हसून घ्या, मग वाचा.

माझं आजोळ वेलदूर, ता. गुहागर. मामाची १८ फुटी फायबरची होडी आहे, वीस-बावीस वर्षांची, मागे १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन. मामाचे गुडघे गेले, मुलं मुंबईला, म्हणून तीन वर्षांपासून होडी मीच बघतो. महिन्यातून एखाद्या शनिवारी पहाटे निघायचं, पाटण-कोयनानगर करत कुंभार्ली उतरायचा, चिपळूणला चहा, पुढे वेलदूर. रविवारी दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी गरवायचं आणि रात्री परत. मिळतं काय? एखादा गोबरा, तांबोशी, बाकी शेंगट्या. धंदा नाही, नाद आहे.

यंदा दिवाळीनंतर लक्षात आलं की इंजिनाला जोर दिला की ते ज्या मागच्या फळीवर लटकतं ती फळीच मागेपुढे हलते. बोटभर तरी. दोन्ही कोपऱ्यांत तडे आहेत. गेल्या वर्षी तिकडच्या एका मिस्त्रीने त्याच तड्यांवर फायबरच्या चटईचा आणि रेझिनचा थर देऊन वरून रंग मारला होता. बारा हजार घेतले आणि एका हंगामात तडा जिथल्या तिथे. या वेळी मी फळीच्या तळाचा एक स्क्रू काढला तर भोकातून तपकिरी पाणी आलं, दोन दिवस ठिबकत होतं. वास थेट मळीचा. आमच्याकडे कारखाना सुरू असताना नदीकाठी येतो तोच.

दर रविवारी जाऊन काम करून घेणं जमणार नाही, म्हणून टेम्पोत घालून होडी वर आणली. कोयनानगरला टपरीवर थांबलो तर लोक विचारतायत, शिवसागरात सोडताय का? आता वर्कशॉपच्या आवारात लिंबाखाली ठेवलीय, नाळ (होडीचं पुढचं टोक) उंच करून, मागचं बूच काढून.

आणखी एक उद्योग केला. मामा म्हणतो, नवी होती तेव्हा सहा जण उचलून वाळूवर घ्यायचे. आता दहा जणांनी जागची हलत नाही. म्हणून ट्रॉलीत घालून उसाच्या वजनकाट्यावर नेली. इंजिन काढून, ट्रॉलीचं वजन वजा करून ४९० किलो. काटा खासगी आहे, त्यामुळे काटा मारल्याचा संशय नको.

तर विचारायचंय ते असं. फळी आतून फोडू की बाहेरून? इथला प्लायवाला १९ एमएमचा 'वॉटरप्रूफ' देतो म्हणतो, तो चालेल का? तळाच्या डेकखाली जुना फोम आहे, तो काढून थर्माकोल भरायचा विचार आहे. आणि लाज वाटते, पण सांगतो: इंजिन इथे घोड्यावर (स्टँडवर) टांगून आवाज ऐकायला म्हणून मिनिटभर कोरडंच चालवलं. आता पिंपात घालून चालवलं तर मागच्या भोकातून पाण्याची धार येत नाही.

जून-जुलै बंदीच असते, त्यामुळे घाई नाही. नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात गेली तरी चालेल.

खाडीवाला (रत्नागिरी)
लेथवाले, वजन केलंत हे उत्तम केलंत. आमच्याकडे लोक नुसतं 'जड झालीय' म्हणतात आणि इंजिन मोठं घेतात.

मिस्त्रीने केलं ते वीसात पंधरा जण करतात. फळी म्हणजे आत प्लाय आणि दोन्ही अंगांनी फायबरचं कातडं. प्लाय कुजला की कातडी एकमेकांपासून सुटी होतात. वरून कितीही थर द्या, आतल्या चिखलाला धरून काय राहणार? पाणी कुठून आलं तेही सांगतो. इंजिनाचे बोल्ट, कडीचे स्क्रू, बुचाचं भोक. भोक पाडून नुसता स्क्रू पिळला की प्लायचा उघडा काठ पाणी पीत बसतो.

आधी हद्द ठरवा. फळीवर आणि तिच्या पुढे तळावर, हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकत जा. टणटणीत आवाज म्हणजे ठीक, बद्द आवाज म्हणजे सुटलंय किंवा ओलं आहे. खडूने खूण करा. मग शंका असेल तिथे आतल्या बाजूने ६ एमएमचं ड्रिल, फक्त प्लायपर्यंत. भुसा पिवळा कोरडा निघाला तर थांबा, काळा लगदा निघाला तर पुढे चला. तळाच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांमध्येही लाकूड असतं, तिथे नक्की बघा. फळी बदलली आणि पट्ट्या कुजक्याच राहिल्या तर तडा दोन वर्षांत परत.

फोडायचं आतून. बाहेरचं कातडं शाबूत ठेवा, तोच तुमचा साचा. इंजिनाची उंची, कोन, बाहेरचा आकार काही बिघडत नाही. बाहेरून फोडलीत तर सगळा घाट बसवत बसाल, शिवाय दिसतंही वाईट.

प्लाय 'वॉटरप्रूफ' शब्दावर घेऊ नका. शिक्का बघा, आयएस ७१०. तो मरीन प्लायचा. १८ एमएमचे दोन थर एकमेकांना चिकटवून ३६ होतात, त्यावर दोन्ही कातडी. पण आधी इंजिनाच्या शिकंजाचं तोंड किती उघडतं ते मोजा, फळी जाड होऊन इंजिनच बसलं नाही असं नको.

थर्माकोल अजिबात नको. पॉलिस्टर रेझिनने तो विरघळतो, पेट्रोल सांडलं तरी विरघळतो. विश्वास नसेल तर एक तुकडा पेट्रोलात टाकून बघा. त्यापेक्षा घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे कॅन कोंबा.

बामणोलीकर
आमच्याकडे गोड्या पाण्यात फायबरच्या बोटी बारा महिने असतात. लोकांना वाटतं खारं पाणी वाईट, गोडं चांगलं. इंजिनाला खरंय, पण वरच्या गुळगुळीत थराखाली फोड यायचं प्रमाण गोड्या पाण्यातच जास्त. तुमच्या होडीला पाण्याखालच्या भागावर फोड आहेत का बघा. एक फोडून पाहा, आतून आंबट वासाचा चिकट द्रव आला तर घासून, धुऊन, पूर्ण वाळवूनच भरायचं.

बाकी फायबरची होडी उन्हाळ्यात कराडला वाळवणं झकास. लाकडाची असती तर मात्र नको म्हणालो असतो. किनाऱ्यावरची लाकडी होडी घाटावरच्या मार्च-एप्रिलच्या हवेत आणली की फळ्या आक्रसतात आणि सांधे उघडतात. मग कलाफत, म्हणजे सांध्यांच्या फटी बुजवणं, करत बसा.

कृष्णाकाठ (सांगली)
इंजिनाचं मी सांगतो. २०१९च्या महापुरानंतर आमच्या गावात एक बोट आली. वर्षभर शेडमध्ये, टाकीत पेट्रोल तसंच. २०२१ला पाणी चढायला लागल्यावर दोरी ओढून ओढून खांदे निघाले, चालू होईना. कार्ब्युरेटर उघडला तर आत हिरवट गोंद. तेव्हापासून दर महिन्याला पिंपात घालून चालवतो आणि ठेवताना पेट्रोलची नळी काढून, कार्ब्युरेटरमधलं संपून बंद पडेपर्यंत चालू ठेवतो.

आता तर पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. आपल्याच उसाचं, तक्रार कुणाकडे करणार? पण ते हवेतला ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं, आणि टू-स्ट्रोकचं तेल राहतं वरच्या पेट्रोलात. म्हणजे इंजिन तळाचं ओढतं तेव्हा तेलाशिवाय चालतं. शिवाय वीस वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा अशा पेट्रोलासाठी केलेलेच नसतात. नळ्या, हातपंपाचा फुगा, पडदा सगळं बदला. पेट्रोल महिन्याचं साठवू नका, जाताना घ्या आणि तिथेच तेल मिसळा.

धार येत नाही म्हणजे तुमचा पाणीपंपाचा रबरी पंखा जळला. तो पाण्यावरच थंड राहतो, कोरडा काही सेकंदच टिकतो. नवा घाला. तुटलेल्या पाकळ्या मात्र मोजून काढा, एखादा तुकडा वर पाण्याच्या वाटेत अडकला तर नव्या पंख्यानेही इंजिन तापेल. त्याच वेळी गिअरचं तेल बघा. दुधाळ असेल तर खालची सील गेली.

आणि खालचा जस्ताचा तुकडा रंगवलेला नाही ना? त्याने झिजायचं, म्हणजे बाकीचं इंजिन झिजत नाही.

लेथवाला_कराड
रंगवलाय. मीच. ब्रशने, प्रेमाने.

घाटगे_बुद्रुक
विकून टाका हो. जेवढं घालताय तेवढ्यात दहा वर्षं सुरमई विकत येईल.

लेथवाला_कराड
दादा, हिशेब बरोबर आहे. घरीही हाच हिशेब रोज ऐकतो.

तीन आठवड्यांनी सांगतोय. फळी आतून फोडली. ग्राइंडरने कडेने कातडं कापलं आणि प्लाय हाताने निघाला, चिपाडासारखा. वरचा वीतभर भाग तेवढा कोरडा होता. तळाच्या दोन पट्ट्या पण काळ्या, त्याही काढल्या. फोम बादलीत पिळला तर अक्षरशः पाणी गळत होतं. दर रविवारी काट्यावर नेतो: ४९०, फोम आणि फळी काढल्यावर ३८०, मग ३६०, काल ३५०. काटेवाला आता 'होडी आली' म्हणून गेट उघडतो.

पंखा घातला. सहा पाकळ्यांपैकी पाच सापडल्या होत्या, सहावी वरच्या नळीत निघाली. धार आली.

आता खाडीवाले, रेझिनचं सांगा. इथे दुपारी ३९ अंश आहे.

खाडीवाला (रत्नागिरी)
आणखी दोन रविवार थांबा. काटा सलग दोनदा तेवढाच दाखवू दे, मग हात घाला.

काम पहाटे करा, नऊच्या आत आवरा. हार्डनर (रेझिन कडक करणारं द्रव्य) थंडीत दोन टक्के चालतो, तुमच्या उन्हाळ्यात एक टक्क्याच्या आसपास, पण त्याखाली जाऊ नका, नाहीतर चिकटच राहील. आधी कागदी कपात थोडं कालवून किती मिनिटांत धरतं ते घड्याळावर बघा. एका वेळी दोन-तीन थरांपेक्षा जास्त नको, जाड थर स्वतःच्या उष्णतेने उकळतो आणि तडकतो. सगळ्यात महत्त्वाचं, कोबाल्ट (रेझिन लवकर धरावं म्हणून घालतात तो) आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत ओतू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचा, हार्डनर अगदी शेवटी. दुकानातून कोबाल्ट मिसळलेलंच रेझिन मिळालं तर तेच घ्या.

जुन्या फायबरला नवं चिकटतं ते घासलेल्या जागेवरच. चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासा, काठ उतरता करा, एक भाग जाडीला बारा भाग उतार. मग ॲसिटोनने पुसा. घासताना मास्क आणि पूर्ण बाह्या. अंगाला खाज सुटली तर आधी गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने आणखी आत जातं.

इंजिनाच्या बोल्टची भोकं मोठी पाडा, घट्ट कालवलेल्या रेझिनने भरा, वाळल्यावर त्यातच खऱ्या मापाचं भोक पाडा. म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही. गेल्या वेळी हेच राहिलं होतं.

आणि फायबर सोडून एक. नोंदणी आणि मासेमारीचा परवाना या वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही मामांच्याच नावावर असतील. त्यांना घेऊन एकदा मत्स्यव्यवसायच्या ऑफिसात जाऊन या. गुडघे दुखत असले तरी.

लेथवाला_कराड
काल आणि त्याआधीच्या रविवारी, दोन्हीदा ३४०. उद्या पहाटे पाचला पहिला थर. मामा कालच एसटीने आलाय, म्हणतो मी बघणार. खुर्ची टाकून लिंबाखाली बसलाय आणि प्लायचा शिक्का चष्मा लावून वाचतोय.