मदत हवी आहे: दाराबाहेरची दंगल नुसत्या आवाजातून कशी उभी करावी?

12 मिनिटांचा हिंदी लघुपट. कानपूर, मार्च 1931. भगतसिंगांच्या फाशीनंतरच्या हरताळात दंगल पेटली आणि 25 तारखेला, दोन्ही धर्मांच्या लोकांना वाचवताना, ‘प्रताप’चे संपादक गणेश शंकर विद्यार्थी मारले गेले, तो काळ. मुस्लिम घरात हिंदू शेजारीण लपलेली (पात्रं काल्पनिक). कॅमेरा खोलीबाहेर जात नाही, जमाव फक्त ऐकू येतो.

साउंड लायब्ररीतला (तयार आवाजांच्या संग्रहातला) जमाव क्रिकेट मैदानासारखा वाटतो, म्हणून 8 जणांना उघड्या गच्चीवर जागा बदलत रेकॉर्ड करून थर चढवले. लो-पास फिल्टर (ठरवलेल्या मर्यादेवरचे उंच स्वर कापणारा) 1 किलोहर्ट्झला ठेवला तर हेडफोनवर भिंतीआडचा भास झकास, मोबाइलवर जमाव गायब. 3 किलोहर्ट्झला नेला की कुजबुजीतले संवाद बुडतात. साइडचेन (संवाद आला की जमावाचा आवाज आपोआप खाली करणारी जोडणी) लावल्यावर प्रत्येक शब्दागणिक जमाव दबतो-उसळतो, ते तर फारच खोटं.

घोषणा ओळखू येता कामा नयेत, नाहीतर प्रेक्षक आधी बाजू शोधत बसतो. लाउडस्पीकरवरची अजान, हॉर्न चालणार नाहीत. पार्श्वसंगीत नाही, डबिंग शक्य नाही, मिक्स स्टिरिओ.

जमाव 1 किलोहर्ट्झखालीच ठेवून संवादांच्या फटीत कडी, फळ्या, दगड असे मधल्या पट्टीतले आवाज पेरले तर मोबाइलवर धाक टिकेल का? आणि कुजबुजीपेक्षा जमाव साधारण किती डेसिबल खाली ठेवता?