प्रति: नाडी लागत होती, मग छाती का उघडली?

भाच्याच्या कॉलरबोनखाली काच घुसली, मनगटाला नाडी लागत होती, तरी छाती उघडली, ही तुमची तक्रार वाचली. इंदूरला सर्जरीत बरीच वर्षं काढली, म्हणून दोन शब्द.

नाडी लागली म्हणजे धमनी शाबूत, असं नसतं हो. खांद्याभोवतीच्या आडवाटांनी हाताला रक्त पोचत राहतं. आणि तिथली धमनी हाडामागे दडलेली. मांडीसारखी दाबून धरता येत नाही. एकदा रात्री आम्ही जखमेत चक्क लघवीची नळी सारली, टोकाचा फुगा पाण्याने फुगवला, तेव्हा कुठे धार थांबली. नातेवाईक बघतच राहिले! सलाईन मात्र दुसऱ्या हाताला. जखमेकडची शीर फाटलेली असेल तर सगळं छातीतच सांडायचं.

आता छातीचं. फाटलेल्या जागी हात घालण्याआधी धमनी उगमाकडे चिमट्यात धरावी लागते, नाहीतर टेबलावरच खेळ खलास. उजवीकडे त्यासाठी बहुधा छातीचं मधलं हाड कापतात. डावी थेट महाधमनीतून निघते, खोल आणि मागे, म्हणून बरगड्यांमधून शिरतात. रुग्ण स्थिर असता तर जांघेतून तार घालून आच्छादित स्टेंटही (आतून भोक बुजवणारी, कापड चढवलेली जाळीची नळी) बसवता आला असता. तुमच्याच लिहिण्यानुसार रक्तदाब ६० वर होता. मग कसला स्टेंट?

शिवलेली धमनी चालेल. मला काळजी बोटांची वाटते; हाताच्या मज्जातंतूंचा जुडगा तिथूनच जातो. मूठ वळते का त्याची?