मदत हवी आहे: स्वतः कंपाइल केलेले बीटीआरएफएस-प्रॉग्ज इनिट्रॅमएफएसमध्ये कसे न्यावे?

नमस्कार मंडळी,

माझ्या संगणकावर डेबियन १२ (लिनक्स) आहे आणि रूट पार्टिशन, म्हणजे प्रणाली जिथे बसवली आहे तो डिस्कचा भाग, बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमचे आहे. अलीकडे स्क्रबमध्ये (सारा डेटा वाचून पडताळण्याच्या कामात) मेटाडेटाच्या, म्हणजे फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या नोंदींच्या, चेकसमच्या (पडताळणी-आकड्यांच्या) चुका दिसू लागल्या. डेबियनच्या पॅकेजमधले बीटीआरएफएस-प्रॉग्ज (ही फाइल सिस्टिम तपासण्याची व सांभाळण्याची साधने) ६.२ आवृत्तीचे असल्याने तपासणी नव्या आवृत्तीने करावी, असे ठरवून मी सोर्स कोड उतरवून कंपाइल केला. त्यासाठी यूयूआयडी, ब्लॉकआयडी, झेडलिब, एलझेडओ आणि झेडएसटीडी या लायब्ररींची डेव्ह पॅकेजेस (कंपाइल करताना लागणाऱ्या फाइली) आधी घालावी लागली. दस्तऐवजांचा भाग ‘--डिसेबल-डॉक्युमेंटेशन’ देऊन वगळला. ‘मेक इन्स्टॉल’पर्यंत सारे सुरळीत झाले.

अडचण त्यापुढची आहे. नवी आवृत्ती /यूएसआर/लोकल/बिन मध्ये बसली. पण ‘चेक’ ही तपासणीची आज्ञा चालवण्यासाठी रूट अनमाउंट असायला हवे, आणि ते अनमाउंट असले की त्याच्यावरच ठेवलेले हे साधन हाती लागत नाही. बूट करताना कर्नलला ‘ब्रेक=प्रीमाउंट’ दिले की रूट माउंट होण्याआधी शेल मिळते खरे, मात्र तिथे आवृत्ती विचारली की ‘बीटीआरएफएस-प्रॉग्ज व्ही६.२’ एवढेच उत्तर येते, कारण इनिट्रॅमएफएसचे (रूट माउंट होण्याआधी मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइल सिस्टिमचे) हुक, म्हणजे तिच्यात काय घालायचे ते ठरवणारी स्क्रिप्ट, पॅकेजमधली, म्हणजे /बिन मधली प्रत उचलते.

ती प्रत बदलून तिच्या जागी माझी ठेवणे मला पटत नाही. पॅकेजचे पुढचे अपडेट आले की ती पुसली जाईल, आणि पॅकेज व्यवस्थापकाच्या ताब्यातल्या फाइलला हात लावणे मुळातच धोक्याचे आहे. म्हणून /ईटीसी/इनिट्रॅमएफएस-टूल्स/हुक्स मध्ये स्वतःचे छोटे हुक लिहून, ‘कॉपी_एक्झेक’ हे प्रोग्राम आत नेणारे फंक्शन वापरून, नवी प्रत ‘बीटीआरएफएस-नवे’ अशा वेगळ्या नावाने आत न्यावी, असा माझा विचार आहे. ‘कॉपी_एक्झेक’ लागणाऱ्या लायब्ररीही सोबत नेते, हा त्याचा मोठा फायदा. दुसरा मार्ग ‘मेक स्टॅटिक’ने स्वयंपूर्ण प्रत बनवून ती लाइव्ह यूएसबीवरून चालवण्याचा, त्यासाठी डेबियनवर लिबयूडेव्ह वगळून पुन्हा कॉन्फिगर करावे लागेल, असे दिसते.

‘चेक’चा दुरुस्ती करणारा ‘--रिपेअर’ पर्याय मी वापरणार नाही; आधी फक्त वाचन-तपासणी करून निकाल पाहायचा आहे, आणि महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेतलेला आहे.

ज्यांनी असे हुक प्रत्यक्ष वापरले आहे, त्यांनी कृपया सांगावे: दोन्ही प्रती एकाच इनिट्रॅमएफएसमध्ये ठेवल्याने बूटच्या वेळी होणाऱ्या ‘डिव्हाइस स्कॅन’मध्ये (बीटीआरएफएसच्या डिस्क शोधण्यात) काही अडथळा येतो का, आणि चुका आधीच दिसत असलेल्या डिस्कवर ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस’ (इनिट्रॅमएफएस नव्याने बनवणारी आज्ञा) चालवून नवे लिखाण करण्यापेक्षा लाइव्ह यूएसबीचाच मार्ग धरावा का?