छायाचित्रावरून विमान ओळखावे. पण इंजिनाचे नाव लिहावे का?

धागाप्रवर्तक, छत्रपती संभाजीनगर

शहरातील एका जुन्या वाड्यातून निघालेल्या अल्बममधले एक छायाचित्र सध्या आपल्या मंडळींत फिरत आहे. बंद केबिनच्या, माथ्यावर पंख असलेल्या एका लहान विमानासमोर शेरवानीतले तीन गृहस्थ उभे आहेत आणि मागे उर्दूत ‘औरंगाबाद, 1345 फसली’ (फसली म्हणजे निजामाच्या राज्यातला महसुली सन) असे लिहिले आहे. नांदेडच्या एका सदस्यांनी त्याखाली ‘लेपर्ड मॉथ, इंजिन जिप्सी मेजर, 130 अश्वशक्ती’ अशी ओळ दिली. माझा आक्षेप या ओळीच्या दोन्ही भागांना आहे, दुसऱ्याला अधिक.

द हॅविलँड या ब्रिटिश विमान कंपनीची पस मॉथ आणि लेपर्ड मॉथ लांबून सख्खी भावंडे वाटतात. त्यांतला भेद चाकाच्या पायात आहे: पस मॉथचा धक्के झेलणारा दांडा केबिनच्या बाजूने वर, पंखाच्या मुळापर्यंत जातो, लेपर्ड मॉथचा दांडा पुढे, इंजिनामागच्या भिंतीला जोडलेला असतो. या चित्रात तो खिडकीच्या पुढच्या कडेने वर गेलेला स्वच्छ दिसतो. म्हणजे विमान पस मॉथ आहे. आता इंजिन. बहुतेक पस मॉथना 120 अश्वशक्तीचे जिप्सी थ्री होते, परंतु काहींना जिप्सी मेजरही बसवले गेले. दोन्ही चार सिलिंडरांची, हवेने थंड होणारी, उलटी टांगलेली इंजिने, आणि चित्रात झाकण बंद. जे दिसत नाही ते चित्राखाली लिहू नये, एवढेच माझे म्हणणे.

प्रतिसाद, नांदेड

फसली सनात 590 मिळवले की 1935-36 येते. लेपर्ड मॉथचे पहिले उड्डाण मे 1933 मधले, म्हणून त्या सुमारास नवे विमान म्हणून तेच असण्याचा संभव अधिक, असा माझा हिशेब होता. दांड्याचा मुद्दा मी पुन्हा मोठे करून पाहीन. परंतु इंजिनाबाबत मी ठाम आहे. प्रत्येक ओळीत ‘निश्चित सांगता येत नाही’ असे लिहायचे असेल, तर ज्या कुटुंबाने विश्वासाने अल्बम दिला त्याच्या हाती आपण काय ठेवणार? अनुमान हाही अभ्यासाचाच भाग आहे.

धागाप्रवर्तक

सनावरून छायाचित्राचे वय कळते, विमानाचे नाही. पस मॉथची बांधणी 1930 मध्येच सुरू झाली होती. पाच-सहा वर्षे वापरलेले विमान 1345 फसलीत मैदानावर उभे असण्यात नवल ते काय? काळाचा खरा पुरावा विमानाच्या अंगावरच शोधावा. हवेत पंख निखळून काही पस मॉथ कोसळल्यावर पंखाच्या पुढच्या तिरक्या आधाराच्या मध्यापासून मागच्या पंखमुळापर्यंत एक बारीक जादा आधार दिला गेला. तो या चित्रात आहे की नाही, हे सांगण्याइतकी आपली प्रत स्पष्ट नाही.

प्रतिसाद, लातूर

तुमची सावधगिरी मान्य, तिचा नियम करणे अमान्य. काही विमानांचे इंजिन चित्रातच उघडे असते. पहिल्या महायुद्धातल्या डीएच नाइन या विमानाच्या नाकावर प्यूमा इंजिनाच्या सहा सिलिंडरांची रांग झाकणाबाहेर डोकावते आणि रेडिएटर पोटाखाली असतो. डीएच नाइन-ए मध्ये पुढे उभा चौकोनी रेडिएटर व मागे बारा सिलिंडरांचे लिबर्टी इंजिन. आपल्या मुलखाला हे विमान परके नाही. 1918 मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या 110 क्रमांकाच्या तुकडीची डीएच नाइन-ए विमाने निजामाच्या देणगीतून आली होती आणि त्यांच्या अंगावर तसा मजकूर रंगवलेला होता. त्यांतले एफ 1010 आज लंडनच्या हवाई दल संग्रहालयात आहे. तसेच डकोटा या दोन इंजिनांच्या विमानाचे: समोरून घेतलेल्या स्पष्ट चित्रात नऊ सिलिंडरांचे एकच कडे दिसले तर राइट सायक्लोन, सात-सातची दोन कडी दिसली तर ट्विन वॅस्प. अशा ठिकाणी इंजिनाचे नाव न लिहिणे हाच आळस ठरेल.

प्रतिसाद, परभणी

माझी धास्ती निराळी आहे. हल्ली जुनी चित्रे संगणकाकडून ‘स्वच्छ’ करून घेतात आणि तो पुसट जागी स्वतःच्या मनाने ‘व्हीटी’ या भारतीय विमानांच्या नोंदणी-खुणेपुढची अक्षरे भरतो. मग नोंदवहीत भलतेच विमान सापडते. जे. आर. डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून मुंबईला टपाल आणले ते पस मॉथमधून. त्याच्या सुवर्णमहोत्सवी उड्डाणाला, 1982 मध्ये, त्यांनी लेपर्ड मॉथ वापरले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वैमानिकाचे चित्र कृष्णधवल करून त्याखाली 1932 लिहिणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यामुळे आधी मूळ प्रत, मग बाकीचा वाद.

प्रतिसाद, नांदेड

दांडा पाहिला, वर पंखाकडेच जातो. पस मॉथ लिहू या. इंजिनापुढे मात्र ‘बहुधा जिप्सी थ्री’ असे लिहावे, ‘अज्ञात’ नको.

धागाप्रवर्तक

‘बहुधा’ला माझी हरकत नाही, पण तो चित्राखालच्या ओळीत नको, खालच्या टिपेत, कारणासह असावा. ओळ उचलली जाते तेव्हा ‘बहुधा’ सर्वांत आधी गळतो. मूळ प्रत पुन्हा स्कॅन करून घेण्यासाठी त्या कुटुंबाला विचारतो. जादा आधार दिसला तर तेवढे येथे कळवीन.