मदत हवी आहे: आईला अंगात किडे फिरतात असं वाटतंय
आई ६८ वर्षांची. चार महिने झाले, कातडीखाली किडे वळवळतात म्हणते. काडेपेटीत खपल्या, दोऱ्याचे तुकडे साठवून 'हा बघ, मेलेला' म्हणून दाखवते. (मीही भिंगातून बघितलं. स्वेटरचा धागा होता.) दोनदा पेस्ट कंट्रोल झालं, पर्मेथ्रिन (खरजेचं मलम) लावून झालं. त्वचेचे डॉक्टर म्हणाले, खरूज नाही. साखर, थायरॉइड, बी-१२ सगळं नॉर्मल. हा एकबॉम सिंड्रोम, म्हणजे अंगात किडे असल्याचा भ्रम. रिस्पेरिडोन (भ्रमावरची गोळी) कमी डोसमध्ये सुरू करू म्हणाले. पण 'मी काय वेडी आहे?' म्हणत ती गोळीला हात लावत नाही. वाद घातला की जास्तच ओरबाडते. हो म्हणावं तर भ्रमाला खतपाणी. चोरून जेवणात गोळी घालायला मन धजत नाही. कुणाच्या घरी असं झालंय का? मानसोपचारतज्ज्ञांकडे काय सांगून नेलंत?